अप्रीती, असंतोष आणि एक उपसर्ग

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न नेहमी विचारला जातो. इंग्रजी कामापुरते येते, पण संघर्ष, सत्ता आणि मतपरिवर्तन या विषयांवर लिहिण्याची वेळ आली की शब्द तोकडे पडतात; त्यासाठी कोणते पुस्तक वाचावे? बाजारात शब्दसूचींची पुस्तके विपुल आहेत. एका बाजूला अवघड शब्द आणि दुसऱ्या बाजूला चार सोपे पर्याय, अशी त्यांची मांडणी असते. परीक्षेपुरता त्यांचा उपयोग होतोही. परंतु प्रशासनात आल्यावर या पद्धतीतील मोठा दोष लक्षात येतो. सूची आपल्याला शब्दांचे साम्य शिकवते; कायदा आणि प्रशासन मात्र शब्दांच्या भेदावर चालते. सूचीत जे चार शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत बसलेले असतात, त्यांपैकी एक वापरल्यास माणूस तुरुंगात जातो आणि दुसरा वापरल्यास घरी जातो.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून प्रस्तुत लेखात एका कलमाचा इतिहास सांगावयाचा आहे. भारतीय दंड संहितेचे कलम १२४-अ, म्हणजे राजद्रोहाचे कलम, आता इतिहासजमा झाले आहे. मात्र संघर्ष, सत्ता आणि चिथावणी यांविषयीची इंग्रजी शब्दसंपदा या एका कलमाच्या निमित्ताने आपल्या देशात जितकी घासूनपुसून पाहिली गेली, तितकी क्वचितच अन्यत्र गेली असेल. आणि या घासाघाशीत मराठी माणसांचा व मराठी भाषेचा वाटा फार मोठा आहे.

कलमाचा जन्म

मेकॉलेने १८३७ साली दंड संहितेचा जो मसुदा तयार केला, त्यात राजद्रोहाचे कलम ११३ व्या क्रमांकावर होते. १८६० साली संहिता प्रत्यक्षात संमत झाली तेव्हा ते त्यात नव्हते. वहाबी चळवळीच्या धास्तीच्या पार्श्वभूमीवर १८७० साली विधिसदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ते १२४-अ म्हणून घातले आणि आधी ते चुकून राहून गेले होते, असे स्पष्टीकरण दिले.

या कलमाची एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. 'सिडिशन' हा शब्द कलमाच्या मजकुरात कोठेही नव्हता. तो केवळ शीर्षकात होता. गुन्ह्याचा खरा भार ज्या शब्दावर होता तो शब्द म्हणजे 'डिसअफेक्शन'. कायद्याने स्थापित झालेल्या सरकारविषयी 'डिसअफेक्शन'ची भावना चेतविणे किंवा तसा प्रयत्न करणे हा गुन्हा. सोबत एक स्पष्टीकरण जोडलेले होते. सरकारच्या कायदेशीर अधिकाराला मान देण्याची वृत्ती कायम ठेवून त्याच्या उपाययोजनांविषयी 'डिसॲप्रोबेशन' व्यक्त करणे, म्हणजे नापसंती दाखविणे, हा मात्र गुन्हा नव्हे. दोन्ही शब्दांची सुरुवात एकाच उपसर्गाने होते. दोन्हींचा सूर नकाराचा आहे. पण एकापुढे काळे पाणी होते आणि दुसऱ्यापुढे मोकळीक.

कलकत्त्यातील पहिला वाद

एकवीस वर्षे हे कलम जवळजवळ निजून होते. १८९१ साली संमतिवयाच्या विधेयकाविरुद्ध कलकत्त्याच्या 'बंगबासी' पत्राने तिखट लेख लिहिले आणि जोगेंद्रचंद्र बोस यांच्यावर या कलमाखाली पहिला मोठा खटला भरला गेला. सरन्यायाधीश पेथरम यांना ज्यूरीपुढे या दोन शब्दांतील भेद उलगडून सांगावा लागला. त्यांचे विवेचन साधारण असे होते : एखाद्याची कृती किंवा मते नापसंत असूनही तो माणूस आपल्याला आवडू शकतो, ही नापसंती म्हणजे 'डिसॲप्रोबेशन'. त्या माणसाविषयीच मनात तिटकारा किंवा द्वेष असणे, म्हणजे 'डिसअफेक्शन'. ज्यूरीचे एकमत झाले नाही, पुढे दिलगिरी व्यक्त झाली आणि खटला मागे घेण्यात आला.

या विवेचनात शब्द शिकण्याची एक उत्तम युक्ती दडलेली आहे, ती अशी की नाराजी दर्शविणारा शब्द वापरताना तिचा विषय कोणता हे आधी पाहावे : कृती की व्यक्ती, धोरण की संस्था? इंग्रजीतील नाराजीचे बहुतेक शब्द या एका प्रश्नाने वेगळे करता येतात.

स्ट्रॅची आणि रानडे

१८९७ साल पुण्याला विसरणे शक्य नाही. प्लेग, त्याच्या बंदोबस्तातील जुलूम, १५ जून रोजी 'केसरी'त आलेले शिवाजी उत्सवाचे वृत्त आणि 'शिवाजीचे उद्गार' हे काव्य, २२ जूनला झालेला रँडवरील हल्ला आणि जुलैअखेर लोकमान्य टिळकांना झालेली अटक, हा घटनाक्रम मराठी वाचकांना परिचित आहे. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीत नऊ जण होते. सहा युरोपियनांनी दोषी ठरविले, तिघा भारतीयांनी निर्दोष. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की 'डिसअफेक्शन' म्हणजे केवळ 'अफेक्शन'चा अभाव. त्यात द्वेष, वैर, तिरस्कार, तुच्छता अशा सर्व प्रकारच्या दुर्भावना येतात, भावनेची तीव्रता किती होती हा प्रश्न फार तर शिक्षेपुरता, आणि प्रत्यक्षात दंगा झाला की नाही हा प्रश्न तर गैरलागूच. त्यांनी दुर्भावनांची यादी पुढे जोडली खरी, पण पहिलेच वाक्य इतके सैल होते की त्यावर देशभर टीका झाली. सरकारवर प्रेम नसणे हा जर गुन्हा, तर या देशात निरपराध कितीजण उरले असते?

त्याच वर्षी साताऱ्याकडील 'प्रतोद' पत्राच्या खटल्यात हाच शब्द मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आला. त्या पीठावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. रानड्यांनी नोंदविले की हा शब्द निव्वळ अभावाचा वाचक नाही. तो सकारात्मक अशा विन्मुखतेचा वाचक आहे; ती सत्तेला उघड जुमानत नाही किंवा गुप्तपणे लोकांची निष्ठा सैल करते. नुसती उदासीनता त्यात बसत नाही.

हा भेद मराठी वाचकाला समजणे अवघड जाऊ नये, कारण आपल्या परंपरेत त्याची चर्चा फार पूर्वी होऊन गेली आहे. संस्कृत वैयाकरणांनी नकारवाचक 'नञ्'चे सहा अर्थ सांगितले : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. 'अपाप' म्हणजे पापाचा अभाव. 'अधर्म' म्हणजे मात्र नुसता धर्माचा अभाव नव्हे. तो धर्माच्या विरोधात उभा राहतो. दगडाला धर्म नसतो, म्हणून आपण दगडाला अधर्मी म्हणत नाही. स्ट्रॅची यांनी इंग्रजी 'डिस' हा उपसर्ग आरंभी 'अपाप'मधील 'अ'सारखा वाचला, रानड्यांनी 'अधर्म'मधील 'अ'सारखा. कायद्याच्या मराठी पुस्तकांत 'डिसअफेक्शन'साठी 'अप्रीती' हा प्रतिशब्द रूढ झाला, आणि त्यातही हीच संदिग्धता जशीच्या तशी उतरली. प्रीती नसणे की प्रीतीच्या उलट काही असणे?

इंग्रजी शब्दसंपदा वाढवू पाहणाऱ्याने हा प्रश्न प्रत्येक 'डिस'ला विचारावा. 'डिसलाइक' म्हणजे आवडीचा अभाव नव्हे, नावड. पण 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे स्वतःचा हितसंबंध नसलेला, म्हणून निःपक्षपाती. येथे उपसर्ग अभावाचाच आहे. ज्याला विषयात रस नाही तो 'अनइंटरेस्टेड'. चौकशी अधिकारी पहिल्या प्रकारचा असावा, दुसऱ्या प्रकारचा नसावा. सरकारी टिपणांत या दोन शब्दांची अदलाबदल नित्य होते आणि स्तुती करता करता निंदा होऊन बसते.

कायदेमंडळाने लावलेला निकाल

न्यायाधीशांमधील हा वाद सरकारने १८९८ साली कायद्यात दुरुस्ती करून मिटविला. सरकारविषयी 'हेट्रेड' किंवा 'कंटेम्प्ट' निर्माण करणे हेही गुन्ह्यात आले, आणि 'डिसअफेक्शन'मध्ये निष्ठाहीनता व वैराच्या सर्व भावना समाविष्ट आहेत, असे स्पष्टीकरण जोडले गेले. निरनिराळ्या वर्गांत वैरभाव वाढविण्याविषयीचे कलम १५३-अ त्याच वेळी आले.

येथे 'हेट्रेड' आणि 'कंटेम्प्ट' यांची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. द्वेष बरोबरीच्याचा किंवा वरचढाचा होतो. तुच्छता दाखविणारा मात्र समोरच्याला स्वतःपेक्षा खाली लेखत असतो. सत्तेला द्वेष एकवेळ परवडतो, कारण द्वेष करणारा तिची ताकद मान्य करतो. लोक हसू लागले की ती ताकदच नाकारली जाते. म्हणून 'कंटेम्प्ट' हा शब्द राजसत्ता आणि न्यायसत्ता या दोहोंच्या कायद्यांत ठाण मांडून बसला.

अनुवादाची सत्ता

१९०८ साली टिळकांवर दुसरा खटला झाला. १२ मे रोजीचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजीचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख खटल्याचे विषय होते. न्यायासनावर न्यायमूर्ती दिनशा दावर होते. १८९७ साली याच दावरांनी वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि ज्यूरीपुढे सुमारे २१ तास भाषण केले.

त्यांच्या बचावातील मोठा भाग भाषेविषयी होता. लेख मराठीत होते, ज्यूरीतील बहुसंख्यांना मराठी येत नव्हते, आणि निर्णय व्हायचा होता तो इंग्रजी अनुवादावरून. टिळकांनी न्यायालयाच्या अनुवादकाची उलटतपासणी घेतली आणि मूळ मराठी शब्दांना दिलेले इंग्रजी प्रतिशब्द कसे विपर्यस्त आहेत हे दाखविण्याचा प्रयत्न केला. मराठी वाचकाच्या कानाला जो शब्द परखड टीकेचा लागतो, तो अनुवादात चिथावणीचा होऊ शकतो. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा निर्णय दिला आणि टिळकांना सहा वर्षांची हद्दपारीची शिक्षा झाली. ती त्यांनी मंडालेत भोगली.

आपल्यापैकी जे परप्रांतांत काम करतात, त्यांच्यासाठी ही बाब केवळ इतिहासाची नाही. तमिळ, बंगाली किंवा ओडिया भाषेत झालेल्या भाषणाचा इंग्रजी गोषवारा पुढ्यात येतो आणि त्यावर कारवाईचा निर्णय घ्यावयाचा असतो. त्या वेळी आपण १९०८ च्या ज्यूरीच्या जागी बसलेलो असतो. मूळ शब्द कोणता होता आणि तो त्या भाषेत किती तिखट लागतो, एवढे दोन प्रश्न विचारल्याखेरीज अशा गोषवाऱ्यावर सही करू नये.

उलट दिशेचा अनुवादही उद्बोधक आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात टिळकांना भारतीय 'अनरेस्ट'चे जनक म्हटले. त्याचा हेतू दोषारोपाचा होता, आणि टिळकांनी लंडनमध्ये त्याच्यावर बदनामीचा दावा लावला. १९१९ साली तो फेटाळला गेला. 'अनरेस्ट' म्हणजे खरे तर अशांतता. मराठीने मात्र त्यासाठी 'असंतोष' हा शब्द निवडला. अशांतता बाहेर दिसते, ती पोलिसांचा विषय असते. असंतोष आत असतो आणि त्याला कारण असते. या एका शब्दांतराने आरोपाचे बिरुद झाले, आणि आज 'भारतीय असंतोषाचे जनक' हे शब्द आपण पुतळ्याखाली आदराने कोरतो.

प्रेम आणि कायदा

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत महात्मा गांधी याच कलमाखाली न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यापुढे उभे राहिले. त्यांनी शब्दार्थाचा वाद घातलाच नाही. गुन्हा कबूल केला. प्रीती कायद्याने उत्पन्नही करता येत नाही आणि तिचे नियमनही करता येत नाही, असे त्यांनी सांगितले, आणि अशा सरकारविषयी अप्रीती बाळगणे हा आपण सद्गुण समजतो असे म्हटले. शब्दाच्या पोटातला 'अफेक्शन' बाहेर काढून त्यांनी न्यायालयासमोर ठेवला. ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन सहा वर्षांची कैद सुनावली.

पुढची वळणे थोडक्यात अशी. १९४२ साली नीहारेंदु दत्त मजुमदार यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी सांगितले की सरकारच्या दुखावलेल्या अहंकारासाठी हा कायदा नाही. सार्वजनिक अव्यवस्था हे गुन्ह्याचे मर्म आहे. १९४७ साली सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हा अर्थ अमान्य करून स्ट्रॅची यांचीच वाट धरली. संविधान सभेत १९४८ साली कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीमुळे भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांतून 'सिडिशन' हा शब्द वगळला गेला. अखेर १९६२ साली केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरविले, पण हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्थेचा हेतू वा प्रवृत्ती असेल तेवढ्यापुरतेच.

एका जिल्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश

शब्दांचा हा भेद केवळ न्यायमूर्तींनी पाहावा, आपण आदेश लिहून मोकळे व्हावे, असे ज्यांना वाटते त्यांनी डॉ. राममनोहर लोहिया यांचे १९६५ चे प्रकरण मुळातून वाचावे. भारत संरक्षण नियमांखाली पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी लोहियांना स्थानबद्ध केले. नियमात शब्द होते 'पब्लिक ऑर्डर', म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था. आदेशात लिहिले गेले 'लॉ अँड ऑर्डर', म्हणजे कायदा व सुव्यवस्था. वरवर पाहणाऱ्यास यात काहीच फरक दिसणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताला दिसला, आणि लोहियांची मुक्तता झाली.

न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी या वेळी दिलेला दृष्टान्त प्रशासनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा. एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पावीत. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षेचे. दोन मद्यपी आपसांत भांडले तर पहिल्या वर्तुळाचा प्रश्न. तेच दोघे प्रतिस्पर्धी जमातींचे असतील आणि त्यांतील एकजण जमातीच्या भावना भडकवू लागेल, तर मामला दुसऱ्या वर्तुळात शिरू शकतो. बाहेरच्या वर्तुळातील घटनेवर आतल्या वर्तुळाचे हत्यार उगारता येत नाही.

मतपरिवर्तनाचे शब्द

सत्ता आणि संघर्षाच्या जोडीला तिसरा गट मतपरिवर्तनाच्या शब्दांचा. त्याची सर्वांत स्वच्छ मांडणी २०१५ साली श्रेया सिंघल प्रकरणात झाली. या प्रकरणाचे मूळ महाराष्ट्रातच, २०१२ साली पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना झालेल्या अटकेत आहे. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी 'डिस्कशन', 'ॲडव्होकसी' आणि 'इन्साइटमेंट' म्हणजे चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे सांगितले. पहिले दोन कितीही अप्रिय असले तरी संरक्षित. तिसऱ्यापाशी पोहोचल्यावरच कायद्याचा हात पुढे येऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द झाले त्याचे एक प्रमुख कारण त्यातील शब्दांची संदिग्धता हे होते. त्रास होणे, गैरसोय होणे, मन दुखावणे यांना मोजमाप नाही. एकाला जो त्रास, तो दुसऱ्याला विनोद.

आजची स्थिती

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ स्थगित ठेवले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आल्यावर ते दंड संहितेसह गेले. नव्या संहितेच्या कलम १५२ मध्ये 'सिडिशन' नाही आणि 'डिसअफेक्शन'ही नाही. तेथे विभाजन, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया, फुटीरतेच्या भावनांना उत्तेजन आणि सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणे असे शब्द आहेत. 'डिसअफेक्शन' मात्र पुरता गेलेला नाही. १९६७ च्या बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्यातील व्याख्येत तो अद्याप वावरतो आहे, फरक इतकाच की तेथे तो सरकारविषयी नसून भारताविषयी आहे. नव्या शब्दांच्या कडा घासल्या जाण्यास वेळ लागेल. 'सबव्हर्सिव्ह' कशाला म्हणावे, उत्तेजन आणि सहानुभूती यांत अंतर किती, हे प्रश्न प्रथम न्यायालयात येणार नाहीत. ते एखाद्या ठाण्यात, एखाद्या उपविभागीय कार्यालयात, रात्री उशिरा लिहिल्या जाणाऱ्या टिपणात येतील.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. शब्दसूची अवश्य पाहावी, पण शब्द समानार्थी म्हणून पाठ न करता चढत्या क्रमाने मांडावेत : नापसंती, असंतोष, अप्रीती, निष्ठाहीनता, बंड, किंवा चर्चा, पुरस्कार, चिथावणी. प्रत्येक पायरीवर विचारावे की येथून पुढच्या पायरीवर जाण्यास कोणती गोष्ट घडावी लागते. आणि असा शब्द एखाद्या माणसाविषयी कागदावर लिहिण्याआधी, त्याच्या खालच्या पायरीचा शब्द पुरेसा आहे काय, हे एकदा तपासावे. बहुतेक वेळा तो पुरेसा असतो.